काचा

पुंता आरेनासमध्ये ढग टिकत नाहीत.
सकाळी एखादा सामुद्रधुनीवर अडकलेला दिसतो,
चहा होईपर्यंत तो पार पलीकडच्या बेटावर.
फोटो ढगात ठेवतात, असं सांगितलं तेव्हा
आई म्हणाली होती,
"नोएलिया, जरा भक्कम काहीतरी बघ. बुटांचं खोकं."

आता तिथूनही बिऱ्हाड हलवायचंय.
फॅमिली प्लॅन बाउदिलियोच्या नावावर,
आणि फॅमिलीत मी ऑक्टोबरपासून नाही.
वकिलाने भांडी, गाडी, कुत्रासुद्धा लिहून घेतला.
एकतीस हजार दोनशे सहा फोटो
कुणालाच आठवले नाहीत.
मुदत ईमेलने आली, तीस नोव्हेंबर,
तळाशी एक हसरं कुटुंब,
आमचं नाही.

जुन्या जागेने सत्तावीस झिपांत सगळं बांधून दिलं.
वारा चढला की इथे इंटरनेट जातं.
नववी झिप चारदा उतरवली,
चारही वेळा त्र्याण्णव टक्क्यांवर तिने मान टाकली.
बाकीच्या पोचल्या,
आणि नव्या जागी उघडल्यावर कळलं
की तारखा वाटेतच गळल्यात.
अकरा वर्षं, सगळीच्या सगळी:
मंगळवार, अकरा नोव्हेंबर.

रायेन जन्मली मंगळवारी.
मंगळवारीच तिचा पुढचा दात पडला.
लग्न त्याच दिवशी, आणि त्याच्याच शेजारी
रिकाम्या कपाटाचा तो फोटो,
जो मी वकिलासाठी काढला होता.
रायेन खांद्यावरून वाकून बघत राहिली.
"आई, केवढा मोठा दिवस होता गं."

तारखा हरवल्या नव्हत्या तशा.
प्रत्येक फोटोबरोबर एक चिमुकली फाइल येते, नुसत्या अक्षरांची,
वेळ तिच्यात, जागा तिच्यात.
पण चित्र ते चित्र, चिठ्ठी ती चिठ्ठी,
जोड्या कुणीतरी बसून लावायच्या.

माझे आजोबा चिलोएचे.
तिकडे घर हलवायचं म्हणजे घरच हलवायचं,
ओंडक्यांवर चढवून, बैलांच्या जोड्या जुंपून,
गाव दोराला,
कधी भरती साधून थेट समुद्रात,
होडीमागे घर, छपरासकट.
पण आधी खिडक्या काढायच्या, ते सांगत.
काचा घराबरोबर जात नाहीत.
त्या माणसाने मांडीवर घेऊन जायच्या.

सध्या माझ्या मांडीवर दोन हजार सोळा आहे.

काही फोटो पूर्वी हलायचे, बोट दाबून धरलं की.
नव्या जागेला ते जमत नाही,
तिने त्यांचे दोन तुकडे केलेत,
एक स्थिर चित्र, एक तीन सेकंदांचा व्हिडिओ,
दोघं वेगवेगळ्या फोल्डरांत राहतात.
चित्रात बाउदिलियोच्या डोक्यावर टोपी आहे.
व्हिडिओत माझा आवाज, "टोपी धर, अरे टोपी",
मग वारा,
मग नुसतं डोकं आणि आम्हा दोघांचं हसू,
मध्येच कापलेलं.
हे मी किती वेळा पाहिलं ते सांगणार नाही.

काल नववी झिप पुन्हा मागवायला
जुन्या खात्यात गेले.
मुदत एकतीस डिसेंबर दिसली.
कुणीतरी आणखी एका महिन्याचे पैसे भरलेत.
मी विचारलं नाही.
त्यानेही सांगितलं नाही.

शेवटी एकशे अठरा चिठ्ठ्या उरल्या,
ज्यांना चित्रच नाही.
कधी पुसलं असेल, कधी जागा पुरली नसेल.
त्यातली एक: तीन फेब्रुवारी दोन हजार सतरा,
संध्याकाळचे चार चाळीस,
जागेचे आकडे नकाशात टाकले तर
सामुद्रधुनीच्या मधोमध, पोर्वेनिरची फेरी.
कशाचा फोटो?
पुष्कळ डोकं खाजवलं. मग आकडे तसेच
बाउदिलियोला पाठवून दिले, एक शब्दही न लिहिता.

रात्री अकराला उत्तर आलं:
डॉल्फिन होते.
तुला दाखवत होतो, तुला दिसले नाहीत.